लग्न उणे हजार

उदगीरच्या मामांनी तहसीलमधून निवृत्त झाल्यावर ईमेल शिकून घेतलं आणि माझं वाटोळं झालं. रोज किमान पाच स्थळं. विषय ठरलेले: ‘लग्नाचं मनावर घे’, ‘लग्न, अहमदपूरची मुलगी’, ‘लग्न (अर्जंट)’. अर्जंट कुणाला, ते लिहीत नाहीत.

मी लातुरात संख्याशास्त्र शिकवतो, वय 39. माझी सगळी पत्रं ग्नसमध्ये येतात. हा मूळचा युजनेटवरचे, म्हणजे जुन्या ऑनलाइन चर्चागटांतले, संदेश वाचायचा प्रोग्राम. जपानच्या मासानोबू उमेदांनी लिहिला, नॉर्वेच्या लार्स इंगेब्रिग्टसेननी नव्यानं घडवला. ईमेलही तो तशाच यादीत लावून देतो, आणि त्याची खरी गंमत म्हणजे गुण. प्रत्येक पत्र सुरुवातीला शून्यावर. पाठवणारा आवडता असेल तर वाढवा, विषय नकोसा असेल तर कापा. जितके नियम लागू होतील त्यांची बेरीज. शून्याखाली गेलेलं पत्र तो फेकत नाही, ‘वाचलं’ अशी खूण करून बाजूला सारतो. (आमचे हजेरीपटही बरेचसे याच तत्त्वावर चालतात.)

एका रात्री मी चार कळा दाबल्या: एल, एस, एस, पी. म्हणजे गुण कमी कर, विषय बघून, मधला तुकडा जुळला तरी चालेल, कायमचं. शब्द दिला ‘लग्न’. आकडा सांगितला नाही तर ग्नस आपणहून 1000 कापतो. शेवटी ‘टी’ दाबला असता तर नियम तात्पुरता झाला असता, सात दिवस कामी आला नाही की आपोआप गळून पडला असता. पण मामा सात दिवस गप्प बसतात होय!

पुढचे पंधरा दिवस काय सुखाचे गेले म्हणून सांगू.

“आरं, मामाचं काही आलं का?” आई विचारायची.

“नाही गं.”

खोटं नव्हतं. यादीत खरंच काही नव्हतं.

मग प्राचार्यांनी बोलावलं. “सर, परीक्षेच्या ड्युटीला तुम्ही आलाच नाहीत. तीन पत्रं धाडली.” मी छातीठोकपणे सांगितलं, एकही आलं नाही. घरी येऊन ‘वाचलेली’ पत्रं उघडली, तर रांगच लागलेली. विद्यापीठाची परिपत्रकं, पगाराचा तक्ता, ड्युटीचा आदेश. ‘व्ही टी’ दाबलं की कुठल्या नियमानं गुण कापले ते दिसतं. दिसलं: लग्न, उणे 1000. आणि परिपत्रकाचा विषय? ‘संलग्न महाविद्यालयांसाठी सूचना’. पगाराचा? ‘तक्ता सोबत संलग्न’. स, वर अनुस्वार, आणि पुढं अख्खं लग्न! मराठीच्या मॅडमना विचारलं असतं तर चहाच्या एका कपात सांगितलं असतं.

नियम नीट, पूर्ण शब्दाचा करायला हवा होता. कंटाळा केला. ‘संलग्न’ला अधिक 1000 देऊन टाकले. उणे 1000, अधिक 1000, बेरीज शून्य. आणि शून्य काही शून्याखाली नसतं. सगळी परिपत्रकं परत दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादीत सगळ्यात वर मामा. त्यांना कुणीतरी फोटो जोडायला शिकवलं होतं, आणि विषय लिहिताना तहसीलचा हात जागा झाला होता: ‘संलग्न: मुलीचा फोटो व बायोडाटा’.

मी ‘व्ही टी’ दाबून बघत बसलो. मागून आई म्हणाली, “सरक जरा. माझा चष्मा कुठाय?”