शून्य निकाल म्हणजे ‘रिसर्च गॅप’ नव्हे

पुण्यातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘रिसर्च गॅप शोधा दहा मिनिटांत’. रिसर्च गॅप म्हणजे विषयातला आजवर कुणी न अभ्यासलेला भाग. फिजिओथेरपी शिकणाऱ्या माझ्या भाचीनं तो प्रमाण मानून सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, लिहायला घेतला, म्हणून हे लिहिणं भाग आहे. मेसेज सांगतो: प्रबंधाचं अख्खं शीर्षक अवतरणचिन्हांत सर्चमध्ये टाका, एकही लेख आला नाही की गॅप सापडली. शोधशब्द अँड-ऑरनं जोडणं जुनं झालं. शेवटच्या पाच वर्षांचेच लेख ठेवा. ‘फ्री फुल टेक्स्ट’वर टिक करा.

पहिला मुद्दा म्हणजे कहर आहे. अवतरणचिन्हांतले शब्द सहसा त्याच क्रमानं, जसेच्या तसे शोधले जातात. ‘पुणे शहरातील रिक्षाचालकांमधील कंबरदुखीचे प्रमाण’ हे शीर्षक इंग्रजीत तंतोतंत दुसऱ्या कुणी वापरलेलं नसणारच. त्यावरून या विषयावर काम झालेलं नाही, असं कसं ठरतं? विषयाचे तुकडे करायचे असतात. एक तुकडा कंबरदुखी, दुसरा वाहन चालवणं. ‘लो बॅक पेन’, ‘बॅकेक’, ‘लंबॅगो’ असे पर्यायी शब्द ऑरनं (यांपैकी कोणताही चालेल) जोडून कंसात घाला, चालकांसाठीचे शब्द दुसऱ्या कंसात, आणि दोन्ही कंस अँडनं (दोन्ही हवेत) जोडा. कंस विसरू नका. पबमेड ही वैद्यकीय लेख शोधायची साइट. ते डावीकडून उजवीकडे वाचत जातं, कंस नसले की भलतंच जुळतं. ‘पुणे’ सुरुवातीला गाळा. मग बस, टॅक्सी, ट्रक चालवणाऱ्यांवरचे अभ्यास समोर येतात, आणि ते वाचल्यावरच आपल्या कामात नवीन काय आहे हे सांगता येतं.

अँड-ऑर जुनं झालं, यात अर्धं सत्य आहे. नाइलाजानं मान्य करते. पबमेडमध्ये साधे शब्द टाकले तरी ते आपणहून ‘मेश’ या विषयशब्दांच्या यादीशी जुळवून बघतं. पण अवतरणचिन्हं घातली की सहसा नेमकी हीच जुळवणी बंद पडते. म्हणजे मेसेजचा पहिला सल्लाच दुसऱ्याच्या मुळावर उठतो.

पाच वर्षांच्या सल्ल्यावर मात्र संताप येतो. २००१ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यासंबंधीच्या प्रयोगात हेक्सामेथोनियम श्वासावाटे दिल्यावर २४ वर्षांची निरोगी स्वयंसेविका दगावली. संशोधकानं पबमेड पाहिलं होतं. पण तिथे तेव्हा साधारण १९६६ पासूनचंच साहित्य होतं, आणि या औषधानं फुप्फुसांना इजा होते हे सांगणारे लेख १९५० च्या दशकात छापून आले होते. त्यानंतर सरकारनं तिथलं सरकारी निधीवरचं माणसांवरचं जवळपास सगळं संशोधन काही काळ थांबवलं. उद्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या मुलामुलींना ‘जुनं काढून टाका’ असं सरसकट कोण सांगतं?

‘फ्री फुल टेक्स्ट’वर टिक केलं की वर्गणीचे लेख यादीतूनच जातात, त्यांचा सारांशसुद्धा दिसत नाही. जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या सरकारी योजनेखाली सरकारी उच्च शिक्षणसंस्थांसाठी ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली आहेत. खासगी कॉलेजवाल्यांनी ग्रंथपालांना विचारावं, नाहीतर थेट लेखकाला मेल करावा.

आणि शोधगंगेचं तर मेसेजमध्ये नावही नाही. भारतातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. आपली ‘गॅप’ नागपूरच्या किंवा चेन्नईच्या कुणी आधीच भरली आहे का, हे सिनॉप्सिस देण्याआधी तिथे तपासा.