कट्ट्यावर दोन कोरिया तोलताना

रंकाळ्यावर संध्याकाळी बसून ‘आपल्याला उत्तर कोरियासारखी शिस्तच पायजे’ असं म्हणणार असाल, तर आधी साल निवडा. १९६० च्या पुढं अजिबात सरकू नका. कोरियावर जपान्यांचं राज्य होतं तेव्हाची मोठी धरणं आणि खताचे कारखाने उत्तरेत होते, दक्षिणेत मुख्यतः भातशेती. मे १९४८ मध्ये उत्तरेनं वीज तोडली आणि दक्षिण अंधारात बसली. एवढं बोलून चहा सांगा.

तेवढ्यात कुणीतरी मोबाईलवर उपग्रहातून काढलेला रात्रीचा फोटो दाखवतंच. त्यात दक्षिणेत लखलखाट आणि उत्तर काळीठिक्कर. ‘वीज वाचवतात ते’ म्हणायचं, दुसरा उपाय नाही. मग हुकमी पान टाका: दक्षिणेतही कारखानदारी वाढली ती जनरल पार्क चुंग-ही यांच्या हुकूमशाहीत, १९६१ ते १९७९. पण इथंच थांबा. १९८७ मध्ये तिथल्या लोकांनी रस्त्यावर उतरून राष्ट्राध्यक्ष थेट निवडण्याचा हक्क परत घेतला, आणि श्रीमंती त्यानंतरही वाढतच गेली, हे तोंडातून निघालं की डाव गेला.

निवडणुकीचा विषय टाळा. उत्तरेच्या सरकारी नावात ‘लोकशाही’ आहे खरी, पण २०१४ ला किम जोंग-उन यांच्या मतदारसंघात उमेदवार एक, मतदान १०० टक्के आणि मतंही १०० टक्के. हे कोल्हापुरात कुणाला पटवणार? इथं दूध संघाच्या निवडणुकीत सख्खे भाऊ दोन पॅनेलांत असतात.

कुणी तांबड्या-पांढऱ्याचा दाखला देईल: मटण एक, अळणी एक, एका पातेल्यात चटणी, दुसऱ्यात नारळाचं दूध. मान डोलवा, पण ताणू नका. आपल्याकडं दोन्ही वाट्या एकाच ताटात येतात. तिकडं मध्ये चार किलोमीटर रुंद पट्टा आहे, दोन्ही अंगांना तारा आणि सुरुंग. १९५३ ला शस्त्रसंधी झाली, शांततेचा करार आजतागायत नाही. किमची, म्हणजे तिकडचं कोबीचं आंबवलेलं लोणचं, दोघांची एकच, तरी युनेस्कोच्या यादीत दोनदा: दक्षिणेची २०१३ ला, उत्तरेची २०१५ ला.

शेवटी एखादं कॉलेजचं पोरगं विचारेल, ‘काका, उत्तरेतनं पळून दक्षिणेत आलेले तीस हजारांच्या वर, उलटे किती गेले?’ याला तयार उत्तर नाही. खिशात गाडीची किल्ली चाचपा, ‘गंगावेशीत म्हशी आल्या असतील, धारोष्ण दूध संपायचं’ म्हणा आणि उठा. चहाचे पैसे पोरगं देईल.