हक्कसोडपत्राला इद्दत हवी

उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ला समान नागरी कायदा लागू झाला, आणि तेव्हापासून आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर थोड्या थोड्या दिवसांनी तोच वाद पेटतो. नागपूरच्या सदरमधला मावसभाऊ लिहितो, मुलीला मुलाच्या निम्मा वाटा हा या काळात अन्याय आहे. मोमिनपुऱ्यातून मामूंचं उत्तर येतं, ज्या काळात बाईलाच वारशात वाटून घ्यायचे त्या काळात कुरआनने तिला वारस केलं, तू कोण शिकवणारा? मी शारजात अकाउंट्सचं काम करते. दोघांचंही वाचते आणि सवयीने आकडा शोधते. या दोघांच्याही घरात बहिणींना आजवर मिळालेला वाटा शून्य आहे. आखीव पत्रिकेवर, म्हणजे घराच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर, फक्त भावांची नावं.

हिशेब काही अवघड नाही. समजा बाप गेला. मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी आणि ४० लाखांचं घर. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज. मेहर (निकाहात नवऱ्याने बायकोला कबूल केलेली रक्कम) द्यायचा राहिला असेल तर तोही कर्जातच धरतात, पण हे ऐन वेळी कुणाला आठवत नाही. आमच्याकडे जनाजा उठायच्या आधी विधवेला घेरून बायका विचारतात, "मेहर माफ किया ना?" त्या घटकेला कोण नाही म्हणेल? असो. कर्ज फिटल्यावर बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे ५ लाख. उरलेल्या ३५ लाखांचे पाच भाग: मुलग्यांना १४-१४, मुलीला ७. सुरा निसाच्या अकराव्या-बाराव्या आयतीत हे अपूर्णांकांसकट दिलंय. भावाच्या मर्जीवर काही सोडलेलं नाही.

तरी ते सात लाख जातात कुठे, हे मी फुफ्फीच्या, म्हणजे आत्याच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय. दादांच्या (आजोबांच्या) चाळिसाव्या दिवसाच्या फातिहाची दुपार होती, देगा अजून धुवायच्या होत्या. मोठ्या अब्बांनी, म्हणजे थोरल्या काकांनी, प्लास्टिकच्या पिशवीतून टाइप केलेला मराठी कागद काढला आणि सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारली. फुफ्फीला उर्दू वाचता येतं, मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. "क्या लिखा है भाईजान?" "कुछ नहीं, टैक्स का है. कल रजिस्ट्री में अंगूठा भी लगाना पड़ेगा." दुसऱ्या दिवशी ऑटोने दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात नेलं, येताना समोसे खाऊ घातले. कागद हक्कसोडपत्राचा होता. वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क भावाच्या नावे सोडायला महाराष्ट्रात आज ५०० रुपयांचा मुद्रांक पुरतो.

हे फक्त आमच्यातच होतं असं कुणी समजू नये. नागपुरातल्याच महाल भागातली माझी शाळेतली मैत्रीण पाटणकरांची सून, शिकलेली, नोकरी करणारी. महाराष्ट्राने हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क १९९४लाच दिला, २००५ला तो देशभर झाला, २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलासुरला घोळही मिटवला. पण तिच्या वडिलांनी घर स्वतःच्या पगारातून बांधलेलं. मृत्युपत्र करून ते सगळं मुलाला दिलं, कायद्याला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आमच्यात बापाला मृत्युपत्राने एक-तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही, आणि सुन्नी कायद्यात वारसाला तर इतर वारसांच्या संमतीशिवाय तेवढंही नाही. उत्तराखंडाच्या कायद्यात मुलगा-मुलगी समान, पण ही एक-तृतीयांशाची अट गेली. म्हणजे समान वाटा मिळणार तो बापाने मृत्युपत्र केलं नसेल तरच. मावसभावाने हे कलम वाचलेलं दिसत नाही.

मामूंनी मात्र खूश होऊ नये, कारण आमच्याकडची पळवाट हिबा आहे. हयातीत बाप कुणालाही काहीही देऊ शकतो, तोंडीसुद्धा. देतो म्हणायचं, समोरच्याने घेतलं म्हणायचं आणि ताबा द्यायचा, झालं. लिहून ठेवलं तरी नोंदणीची सक्ती नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये सांगितलं. मग बाप गेल्यावर भाऊ म्हणतो, अब्बूंनी मला हिबा केला होता, हे दोन गवाह. खरं तर याच हिब्याने बापाला मुलीला मुलाइतकं देता येतं. पैगंबरांच्या एका साथीदाराने, सहाबींनी, एकाच मुलाला भेट दिली तेव्हा पैगंबरांनी साक्षीदार व्हायला नकार दिला आणि मुलांमध्ये न्यायाने वागा असं सांगितलं, ही हदीस प्रत्येक मौलवीला पाठ आहे. शरियतीत राहूनच समान वाटणी करायची असेल तर ही वाट उघडी आहे. तिच्यावर मुलीला घेऊन चालणारे बाप मला तरी फारसे दिसले नाहीत.

"पुरुषावर जबाबदारी असते म्हणून दुप्पट" हा युक्तिवाद मला पोकळ वाटत नाही. बायकोची कमाई तिची, तिच्यावर नवऱ्याचा हक्क नाही, उलट तिला पोसणं त्याच्यावर बंधनकारक. इंग्लंडमध्ये विवाहित बाईला स्वतःची मालमत्ता नीट बाळगायला १८८२चा कायदा यावा लागला. पण मग दुप्पट घेणाऱ्याने जबाबदारीही उचलावी. इथे माझ्या ओळखीच्या नागपूरच्या किती नर्सेस भावाच्या मुलांची फी भरतात, अम्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन करवतात. बेसा-बेलतरोडीकडचा प्लॉट त्यांच्या पगारातून घेतलेला आणि सातबारा नवऱ्याच्या किंवा भावाच्या नावावर. तिची कमाई तिची, हा नियम त्या प्लॉटपाशी कुणाला आठवत नाही.

शारजात बाईचं राज्य आहे असं मी म्हणणार नाही. इथेही मुस्लिम मुलीचा वाटा निम्माच. (गैरमुस्लिमांसाठी फेब्रुवारी २०२३पासून वेगळा कायदा आहे, मृत्युपत्र नसेल तर निम्मं जोडीदाराला आणि उरलेलं मुलगा-मुलगी समान.) पण माणूस गेला की बँक खातं गोठवते, कोर्ट वारसांचा दाखला काढतं, त्यात मुलीचं नाव असतं आणि त्याशिवाय पैसा हलत नाही. मुलीचा वाटा काढून देणं हे भावाचं उपकाराचं काम राहत नाही.

माझ्यासोबत काम करणाऱ्या इजिप्तच्या बाईकडून कळलं, तिच्या देशात २०१७पासून वारसाचा हिस्सा जाणूनबुजून अडवणाऱ्याला किमान सहा महिने कैद आहे. पाकिस्तानात २०११पासून बाईला फसवून वारशापासून दूर ठेवणं हा गुन्हा आहे, पाच ते दहा वर्षांचा. आपल्याकडे असा कायदा आला तर बहीण भावाला जेलमध्ये घालवेल का? मला शंका आहे. "माहेर तुटेल" ही भीती वॉरंटने जात नाही. मला जॉर्डनचं जास्त पटतं. तिथे माणूस गेल्यापासून तीन महिने वारसाचा हक्क सोडल्याची नोंदच होत नाही, कारण दुःखात घेतलेली सही कशी असते हे त्यांनी ओळखलं.

आपल्याला तर मुदत बाहेरून आणायचीही गरज नाही. विधवेची इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर पुन्हा लग्न न करता थांबायची मुदत, चार महिने दहा दिवसांची असते. तेवढे दिवस महाराष्ट्रातल्या कुठल्याही दुय्यम निबंधकाने कुठल्याही धर्माच्या बाईचं हक्कसोडपत्र नोंदवू नये, आणि नोंदवताना तिचा वाटा किती आणि अंदाजे किमतीचा, हे तिला कळतं त्या भाषेत वाचून दाखवावं, भावाला बाहेर बसवून. मामूंना यात शरियतीविरुद्ध काही सापडणार नाही, मावसभावाला समानतेविरुद्ध. दोघांनाही मी हे ग्रुपवर लिहिलं. मामूंनी फूल पाठवलं, मावसभावाने अंगठा.

परदेशातल्या मुखत्यारपत्रांनाही हीच मुदत लावावी लागेल. दुबईच्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये साक्षांकित करून पाठव म्हणून भावाचा पीडीएफ येतो तो बहुधा पहिल्याच महिन्यात, आणि त्यातही सही कुठे करायची तिथे फुली आधीच मारलेली असते.