म्हणे, अध्यक्षाले काम काय असते!

राजेहो, आज पानठेल्यावर एक शहाणा म्हणे, "लोकसभेच्या अध्यक्षाले काम काय असते? बैठ जाइये म्हणायचं अन् पगार उचलायचा." बाकीचे खिदळले. डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

बलराम जाखड आठवतात का कोणाला? लोकसभेचे अध्यक्ष, २२ जानेवारी १९८० ते १८ डिसेंबर १९८९. दहा वर्षांना जेमतेम महिना कमी. इतका काळ त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलेलं नाही. पण माझ्या लेखी वर्षांपेक्षा त्यांचा एक दिवस मोठा, १५ एप्रिल १९८७. पक्षपाताच्या आरोपावरून त्यांनाच हटवण्याचा ठराव त्या दिवशी आला होता.

हे कसं चालतं ते नीट समजून घ्या. आधी १४ दिवसांची नोटीस. मग सभागृहात किमान ५० सदस्यांनी उभं राहायचं, तेव्हा कुठे ठराव मांडायची परवानगी. चर्चेच्या वेळी अध्यक्ष खुर्चीवर बसू शकत नाही. खाली बसून साध्या सदस्यासारखं बोलतो, मतही देतो, पण समसमान मतं पडली तर निर्णायक मत त्याचं नाही. आणि ठराव मंजूर व्हायला हजर असलेल्यांचं बहुमत पुरत नाही, त्या वेळच्या एकूण सदस्यांचं लागतं. म्हणजे जो आलाच नाही तो आपोआप अध्यक्षाच्या बाजूचा! काँग्रेसचे तेव्हा चारशेच्या वर खासदार. ठराव पडणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

तरी मांडला माकपच्या सोमनाथ चॅटर्जींनी. उपाध्यक्ष थंबीदुराई खुर्चीवर. ठराव पडला, पण सरकारचं एवढं बहुमत असतानाही अध्यक्षावरचा आरोप कामकाजात कायमचा नोंदला गेला.

जाखड काही संत नव्हते. १५ मार्च १९८९, इंदिरा गांधींच्या हत्येची चौकशी केलेल्या ठक्कर आयोगाच्या अहवालावरून गोंधळ आणि एका दिवसात ६३ खासदार निलंबित! त्रेसष्ट! निलंबनाचा प्रस्ताव सरकारकडून येतो आणि सभागृह मंजूर करतं, हे खरं. पण गोंधळ घालणाऱ्या सदस्याचं नाव आधी अध्यक्षच पुकारतो ना? ८७ साली ज्या वागण्यावर बोट ठेवलं होतं, तेच दोन वर्षांनी साऱ्या देशाने पाहिलं.

आता जरा शांत होतो. हा माणूस पंजाबातल्या पंजकोसी गावचा शेतकरी. १९७५ला 'उद्यान पंडित' किताब मिळाला, तो फळबागेसाठी. भाषणासाठी नव्हे. वरुड-मोर्शीच्या संत्रावाल्यांनो, ऐकताय ना? संसद ग्रंथालयाच्या नव्या इमारतीची पायाभरणी त्यांच्याच काळात, १९८७ला. ऑगस्ट १९८९ला खात्यांचं काम तपासणाऱ्या खासदारांच्या तीन विषय समित्या सुरू झाल्या, त्यातली एक शेतीची. आज सगळ्या खात्यांच्या स्थायी समित्या आहेत, त्यांचं मूळ तिथे. त्याच वर्षीच्या निवडणुकीत जाखड राजस्थानच्या सीकरमध्ये देवीलालांकडून पडले. पुढे ९१ला नरसिंह रावांचे कृषिमंत्री.

आणि ठराव मांडणारे चॅटर्जी? २००४ला स्वतः अध्यक्ष झाले. २००८ला डाव्यांनी सरकारचा पाठिंबा काढला, पक्ष म्हणाला खुर्ची सोडा; अध्यक्ष पक्षाचा नसतो म्हणून त्यांनी सोडली नाही, पक्षाने हाकललं. ८७च्या भाषणाची किंमत त्यांनी एकवीस वर्षांनी स्वतःच्या खिशातून चुकवली, असं मी मानतो.

आणि आपल्याकडे? आपल्या साकोलीचे नाना पटोले डिसेंबर २०१९ला विधानसभा अध्यक्ष झाले आणि फेब्रुवारी २०२१ला पक्षाचं प्रदेशाध्यक्षपद घ्यायला राजीनामा देऊन मोकळे! खुर्ची ३ जुलै २०२२पर्यंत रिकामी. नवीन निवडही अडली होती, सगळा दोष नानांचा नाही, बरं. पण जून २०२२ला शिवसेना फुटली तेव्हा अपात्रतेच्या नोटिसा काढायला उरले उपाध्यक्ष झिरवाळ. आणि त्यांनाच हटवण्याची नोटीस! कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या नबाम रेबिया निकालानुसार, स्वतःवर अशी नोटीस असताना अध्यक्षाने कोणाला अपात्र ठरवायचं नाही. ८७ला जी नोटीस निषेध नोंदवायला होती, ती आता सुनावणी अडवायला कामी येते.

पक्षांतरबंदीचा कायदा १९८५चा, म्हणजे जाखडांच्याच काळातला. निवाड्याचा अधिकार अध्यक्षाला दिला, मुदत मात्र लिहिलीच नाही. म्हणून शिवसेनेच्या आमदारांचा निकाल यायला १० जानेवारी २०२४ उजाडलं, तेही सर्वोच्च न्यायालयाने तारीख बांधून दिल्यावर. तोवर ते आमदार दीड वर्ष सभागृहात मतं देत होते.