विनू मांकड म्हटलं की आधी लॉर्ड्स आठवावं

विनू मांकड यांचं नाव हल्ली निघतं ते कुणा गोलंदाजाने चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडणाऱ्या नॉनस्ट्रायकरला धावबाद केलं की; समालोचक त्याला 'मांकडिंग' म्हणतात. एवढ्या मोठ्या अष्टपैलू खेळाडूची एवढीच आठवण उरावी, हे मला मनापासून खटकतं.

१९५२च्या उन्हाळ्यात मांकड इंग्लंडमधल्या लँकेशायर लीगमध्ये हॅसलिंग्डन क्लबचे पगारी खेळाडू होते. इंग्लंड दौऱ्याच्या संघात निवड नक्की करू, असा शब्द आपल्या बोर्डाने त्यांना दिला नाही, म्हणून त्यांनी क्लबचा करार घेतला. यात त्यांची चूक मला तरी दिसत नाही. मग इंग्लंडविरुद्धच्या पहिल्या कसोटीत लीड्सला दुसऱ्या डावात आपली अवस्था शून्यावर चार बाद झाली, आणि बोर्ड हॅसलिंग्डनकडे त्यांना सोडा म्हणून विनवायला गेलं.

लॉर्ड्सच्या दुसऱ्या कसोटीत त्यांनी सलामीला येऊन ७२ केल्या, पंकज रॉयबरोबर १०६ची भागी. मग इंग्लंडच्या ५३७ धावांच्या डावात ७३ षटकं टाकली: २४ निर्धाव, १९६ धावा, ५ बळी. ती टाकून पुन्हा सलामीला उतरले आणि १८४ काढल्या. विजय हजारेंबरोबर तिसऱ्या विकेटसाठी २११. इंग्लंडला जिंकायला ७७ हव्या होत्या, तेव्हाही आणखी २४ षटकं! सामना आपण आठ गडी राखून हरलो, तरी लोक त्याला मांकडांचाच सामना म्हणतात.

एवढं ओझं पेललं कसं? माझ्या मते त्यात लीगचा मोठा वाटा आहे. तिथे एका क्लबला एकच पगारी खेळाडू, बाकी सगळे हौशी. त्याने वरच्या क्रमांकावर खेळायचं आणि एक टोक धरून गोलंदाजी करत राहायचं. अर्धशतक झालं की प्रेक्षकांत टोपी फिरवून त्याच्यासाठी पैसे गोळा होत. आज अंग दुखतंय म्हणायची सोयच नाही.

पण नुसत्या दमसासावर ७३ षटकं निघत नाहीत. दमलेल्या डावखुऱ्या फिरकीपटूचं पहिलं काय बिघडतं? पुढच्या पायावर शरीराचं वळणं अर्धवट राहतं, चेंडू सपाट आणि आखूड पडू लागतो, आणि फलंदाज मागच्या पायावरून आरामात कट मारतो. २४ निर्धाव षटकांचा अर्थ असा की टप्पा शेवटपर्यंत हातात होता.

त्यांची चेंडूला उंची देण्याची कला बघायची तर त्याच वर्षीची इंग्लंडविरुद्धची मद्रास कसोटी काढा, आपला पहिला कसोटी विजय. ५५ धावांत ८ आणि ५३ धावांत ४ बळी. पहिल्या डावात यष्टिरक्षक खोकन सेनने चौघांना यष्टिचीत केलं. चेंडू डोळ्यांच्या रेषेवरून गेला की फलंदाज पुढे सरसावतो, चेंडू ऐन वेळी खाली येऊन त्याच्यापासून लांबच टप्पा घेतो आणि बाहेर वळतो. तोवर पाय रेषेबाहेर. त्याच हाताने वळण न देता सरळ आत येणारा आर्म बॉल मधूनच आला, की बाहेरच्या वळणासाठी खेळणारा त्रिफळाचीत किंवा पायचीत. तो चेंडू सारखा टाकला तर फलंदाज त्याची वाटच बघतो. तो राखूनच टाकायचा असतो.

बाकीचं थोडक्यात. ४४ कसोटी, २१०९ धावा, १६२ बळी. १००० धावा आणि १०० बळी २३ कसोटींत. १९५६मध्ये मद्रासलाच न्यूझीलंडविरुद्ध २३१, आणि पंकज रॉयबरोबरची ४१३ची सलामी २००८पर्यंत विक्रम म्हणून टिकली.

आता त्या धावबादबद्दल. १९४७च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांचा फलंदाज बिल ब्राउन चेंडू सुटायच्या आधीच क्रीज सोडत होता. कसोटीआधीच्या एका सामन्यात मांकडांनी आधी ताकीद दिली, मग बाद केलं. तरी तो सिडनी कसोटीत पुन्हा निघाला आणि पुन्हा बाद झाला. खुद्द ऑस्ट्रेलियाचे कर्णधार ब्रॅडमन यांनी मांकडांची बाजू घेतली. २०२२मध्ये क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीने हा प्रकार 'अनुचित खेळ'च्या नियमातून काढून धावबादच्या नियमात नेला. स्कोअरबुकात तो आधीपासून धावबादच लिहितात; समालोचकांनीही तेवढंच म्हणावं.