डीएनए लालकडे पळतो

चार्ल्स बेस्ट नावाच्या माणसामुळे माझी अख्खी सुट्टी कामी आली. १९२१ साली टोरंटोत डॉक्टर बॅंटिंग यांना मधुमेहावरच्या प्रयोगांत मदतीला एक विद्यार्थी हवा होता. उमेदवार दोन, बेस्ट आणि क्लार्क नोबल. आधी कोणी जायचं हे त्यांनी म्हणे नाणं उडवून ठरवलं. बेस्ट जिंकला. उन्हाळा सरेपर्यंत कुत्र्याच्या रक्तातली साखर उतरवणारा अर्क त्या दोघांच्या हाती होता. म्हणजे इन्सुलिनच! बेस्ट तेव्हा २२ वर्षांचा. मी २० चा, म्हणजे हाताशी दोन वर्षं शिल्लक.

मला मात्र नाणं उडवून कोणी घेईना. सुट्टीत प्रयोगशाळेत काम मिळावं म्हणून करायच्या अर्जात ‘संशोधनाची ओढ का वाटते’ ते ५०० शब्दांत लिहायचं होतं. ‘लहानपणापासूनच’ असं लिहिलं, खोडलं, शेवटी तेच पुन्हा लिहिलं. खाली बारीक अक्षरांत: पूर्वानुभव असल्यास प्राधान्य. अहो, तोच मिळावा म्हणून तर अर्ज करतोय! शिफारसपत्रासाठी ज्या सरांकडे गेलो, त्यांनी आधी “तू कुठल्या वर्गातला?” असं विचारलं आणि मग ‘या विद्यार्थ्यास मी जवळून ओळखतो’ असं लिहून दिलं. चाळीसेक प्राध्यापकांना ईमेल केले. पहिलं उत्तर दोन सेकंदांत आलं: सर सुट्टीवर आहेत. याचं वाईट वाटून घेऊ नये. बॅंटिंगना जागा देणारे प्राध्यापक मॅक्लाउडही त्या उन्हाळ्यात स्कॉटलंडला गेले होते, आणि १९२३ चं नोबेल बॅंटिंगबरोबर त्यांनाच मिळालं. बेस्टला नाही. (बॅंटिंगनी आपल्या वाट्याचे निम्मे पैसे त्याला दिले, एवढंच.)

अखेर एका प्रयोगशाळेत आठ आठवड्यांसाठी वर्णी लागली. पहिला आठवडा पाणी मोजण्यात गेला. पिपेटचं, म्हणजे द्रव मोजून उचलायच्या नळीचं, बटण दाबताना अंगठ्याला दोन थांबे लागतात. द्रव घेताना पहिल्यापर्यंतच दाबायचं, सोडताना दुसऱ्यापर्यंत. मी दोन्ही वेळा दुसऱ्यापर्यंत. १००० मायक्रोलिटर पाण्याचं वजन एक ग्रॅम भरायला हवं. माझं दर वेळी जास्तच भरे. पीएचडी करणारी ताई म्हणाली, “मन मोठं आहे तुझं.”

चौथ्या आठवड्यात तिने तिचे नमुने पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायला, लावले. ९५ अंशांवर डीएनएचे धागे सुटतात, खाली थंड झाल्यावर प्रायमर, म्हणजे नव्या धाग्याची सुरुवात करून देणारे छोटे तुकडे, चिकटतात, ७२ वर नवा धागा विणला जातो. अशी ३० आवर्तनं झाली की कागदावर एका प्रतीच्या शंभर कोटींहून जास्त होतात. त्या प्रती जेलमध्ये, म्हणजे विजेच्या जोरावर डीएनए ज्यातून सरकतो त्या थलथलीत वडीच्या खाचांत, भरायचं काम माझ्याकडे आलं. हात थरथरत होता, पण निळा थेंब प्रत्येक खाचेत अलगद बसला. झाकण लावलं, वीज सुरू केली, आणि सोबतच्या मुलाला म्हणालो, “बघ, जमलं!”

डीएनएवर ऋण भार असतो, तो धन टोकाकडे, म्हणजे लाल तारेकडे पळतो. आमची लाल तार खाचांच्या बाजूला होती. निळी रेघ खाचेतून उलटी सरकली, जेलच्या कडेशी आली आणि टाकीतल्या पाण्यात विरली. मागोमाग ताईचे शंभर कोटीही गेले.

“ताईला कोण सांगणार?” तो म्हणाला.

मी खिशातून नाणं काढलं. जिंकेल त्याने आधी जायचं, बेस्टसारखं.

मी जिंकलो.