सेल्फचा गिअर वेल्ड करायचा नसतो रे बाबा

बुधवारी रात्री साडेनऊला भाच्याचा फोन. "मामा, तुमच्याकडं वेल्डिंग मशीन हाय न्हवं? रविवारी दोन तास पायजे."

मला वाटलं सायलेन्सर गळाला असेल. त्याच्याकडे वडिलांची 2008 सालची 150 सीसी गाडी आहे (कंपनीचं नाव घेत नाही, हा दोष वयाचा आहे, कंपनीचा नाही). तर म्हणे सेल्फचा गिअर वेल्ड करायचाय, व्हिडिओ आलाय. तो व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेला, एकदा तर माझ्या सख्ख्या भावानेच टाकला होता. मी शिरोली एमआयडीसीत बावीस वर्षं लेथवर आहे, दुचाकीचा मेकॅनिक नाही. पण एवढं कळायला मेकॅनिक असावं लागत नाही.

व्हिडिओवाल्याचं म्हणणं थोडक्यात असं: सेल्फ मारल्यावर मोटर घर्रर्र फिरते आणि इंजिन जागचं हलत नाही, म्हणजे स्टार्टर गिअर झिजला. मेकॅनिक लुटतात. मॅग्नेटला (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या टोकावरचं चुंबकाचं चाक) दोन हातोडे मारा, निघतो. मागचा गिअर क्लचला वेल्डिंगचे तीन टाके मारून पक्का करा, 50 रुपयांत आयुष्यभराची कटकट संपली. वेल्डिंग नको असेल तर जाड ऑइल भरा आणि वरून अ‍ॅडिटिव्ह ओता. तेही नको असेल तर किकवर चालवा, काही बिघडत नाही.

टाक्यांपासूनच सुरुवात करतो, कारण माझं डोकं तिथेच फिरलं.

सेल्फच्या मोटरचा जोर मधल्या गिअरवरून मॅग्नेटमागच्या मोठ्या गिअरवर येतो. तो मोठा गिअर क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, मोकळा असतो, मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो. त्याला क्रँकशी जोडतो तो वन-वे क्लच. मॅग्नेटच्या पाठीला ॲलन बोल्टने बसवलेली एक चकती, तिला तीन निमुळते खाचे, प्रत्येक खाच्यात एक रोलर आणि त्याला अरुंद बाजूला ढकलणारी एक बारकी स्प्रिंग. गिअर फिरला की रोलर अरुंद बाजूला अडकतात आणि क्रँकला घेऊन फिरतात. इंजिन चालू होऊन क्रँक गिअरपेक्षा जोरात पळायला लागला की रोलर रुंद बाजूला सरकतात आणि गिअर सुटा होतो. सायकलचं फ्रीव्हील हेच करतं. पायडल थांबवलं तरी चाक पळतं.

आता ते फ्रीव्हील वेल्ड करा आणि पन्हाळ्याचा घाट उतरा. पायडल नडगी फोडतील.

गाडीत याहून वाईट होतं. मोटरचा वेग गिअरनी बराच उतरवून इंजिनाला दिलेला असतो. हिशेबापुरतं धरा, मोटरचे 15 फेरे तेव्हा इंजिनाचा एक. टाके मारलेत, म्हणजे आता इंजिन मोटरला फिरवणार. गाडी जागेवर उभी असताना नुसत्या मिनिटाला 1,400 फेऱ्यांच्या आयडलिंगला मोटर 21,000 फेऱ्यांनी पळेल. हायवेवर 7,000 ला इंजिन नेलंत तर हिशेब एक लाखाच्या वर जातो. तिथपर्यंत ती पोचणारच नाही, त्याच्या आधी ब्रश जळतील, आर्मेचरची तार उसवेल किंवा मधल्या गिअरचे दात उडतील. ही मोटर एका वेळी चार-पाच सेकंद फिरायला बनवलेली असते. आणि ते दात उडून जाणार कुठे? इंजिनातच. व्हिडिओत गाडी चालू झाली की टाळ्या आणि क्लिप संपते. गाडी दहा मिनिटं पळवून दाखवली असती तर मी स्वतः तो व्हिडिओ पुढे पाठवला असता.

शिवाय रोलर आणि गिअरचा हब (रोलर ज्याला पकडतात तो मधला गोल भाग) हे कडक केलेलं पोलाद आहे. टाका मारला की तिथला कडकपणा गेला. शेजारी मॅग्नेट. त्यातले चुंबक बऱ्याच गाड्यांत चिकटवलेले असतात आणि उष्णता त्यांना सोसत नाही.

हातोड्याचं तर विचारूच नका. मॅग्नेट क्रँकच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो आणि तो काढायला पुलर (आट्यांत बसवून आवळत ओढून काढायचं अवजार) लागतो. मॅग्नेटच्या मध्यभागी आटे असतात ते त्यासाठीच. कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पुलर खास टूल म्हणून वेगळा दिलेला असतो, ते काय हौस म्हणून? ठोकलं की चुंबक तडकतात. त्याहून मोठं दुखणं क्रँकचं. या छोट्या इंजिनांचा क्रँक अखंड नसतो, दोन तबकड्यांमध्ये पिन प्रेसने बसवलेली असते. टोकावर आडवातिडवा हातोडा बसला की तबकड्या सरकतात, क्रँक लंगडा फिरतो आणि मग अख्खं इंजिन खोलावं लागतं. 50 रुपयांत.

अ‍ॅडिटिव्हची गंमत अशी की ते घर्षण कमी करतं म्हणून विकलं जातं. आणि ज्या रोलरने घट्ट धरायला पाहिजे तो घसरतोय, हीच तर तक्रार आहे! गाडीचा मुख्य क्लचही त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. म्हणूनच जपानमध्ये 1998 साली दुचाकीच्या फोर स्ट्रोक ऑइलसाठी जासो टी 903 हे वेगळं मानक काढलं. त्यात क्लचच्या घर्षणाची चाचणी असते. एमए म्हणजे पकड पुरेशी, एमबी म्हणजे पकड कमी. आपल्याकडच्या डब्यांच्या पाठीवरही हे छापलेलं असतं, फक्त ते वाचावं लागतं. असं एमए ऑइल पैसे देऊन आणायचं आणि त्यात निसरडं रसायन ओतून त्याचं एमबी करायचं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. जाड ऑइलचंही तेच. थंडीच्या सकाळी घट्ट झालेल्या ऑइलमध्ये बारक्या स्प्रिंगला रोलर ढकलायला जास्तच जड जातं.

एक मात्र कबूल करतो, नाइलाजाने. वर्षभर न बदललेलं काळं ऑइल काढून योग्य ग्रेडचं भरलं तर कधी कधी सेल्फ काही दिवस नीट लागतो, कारण चिकटलेले रोलर मोकळे होतात. आणि आवाजावरून केलेलं निदान अर्धं बरोबर आहे. अर्धंच, कारण दात सहसा शाबूत असतात, गेलेले असतात ते रोलर, स्प्रिंगा किंवा हब. मोटर फिरायच्या ऐवजी नुसतं टक-टक होत असेल तर हा आजारच नाही, आधी बॅटरी बघा. सेल्फ दाबल्यावर ती 10 व्होल्टच्या खूप खाली बसत असेल तर तीच दोषी. मरतुकडी बॅटरी वन-वेलाही मारते, कारण इंजिन हळू फिरतं. पिस्टन वर चढता चढता उलटा फटका देतो आणि तो रोलरवर बसतो.

किकवर चालवा म्हणणं तितकं घातक नाही, महिना-पंधरा दिवस चालतं. पण आतले ॲलन बोल्ट ढिले झाले असतील तर ते किक मारली म्हणून घट्ट होत नाहीत.

रविवारी भाचा आला. वेल्डिंग मशीन मी दिलंच नाही, पुलर दिला. गाडी साइड स्टँडवर डावीकडे कलते आणि मॅग्नेटचं कव्हर त्याच बाजूला, त्यामुळे ऑइल न काढता कव्हर खोललं की ते पायावर येतं. हे सांगितलेलं त्याने ऐकलं नाही, त्याची चप्पल अजून माझ्या अंगणात आहे. पुलर आवळला, टक् असा एकच आवाज झाला आणि मॅग्नेट सुटला. हबवर नख फिरवलं तर अडकलं नाही, म्हणजे गिअर चांगला होता. रोलर मायक्रोमीटरवर घेतले. दोन सारखे, तिसरा 50 मायक्रॉनने बारीक आणि एका बाजूने चपटा घासलेला. किट 420 रुपयांचं, गॅस्केट वेगळं. बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून त्यांना लॉकटाइट (आट्यांना लावायचा चिकट) लावलं. साडेतीन तास गेले, त्यात चहा दोनदा.

तिसऱ्या रोलरची स्प्रिंग मोडलेली होती आणि तिचा एकच तुकडा जागेवर सापडला. दुसऱ्यासाठी ऑइलची घमेली चाळली, जाळी धुतली, भाचा म्हणाला जाऊ दे मामा. मग मॅग्नेट उजेडात धरला. आतल्या कडेला, नखाएवढा, चिकटून बसला होता.